शाळेतला पुरस्कार सोहळा आणि लेखकाचे काम

नेरूळ, नवी मुंबई

चि. भाचीस,


मुलांच्या पुस्तकांना मिळणारे पुरस्कार बहुतेक ठिकाणी मोठी माणसेच ठरवतात. साहित्य अकादमीने बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून सुरू केला. ५०,००० रुपये आणि ताम्रपट असे त्याचे स्वरूप. मराठीत तो पहिल्या वर्षी अनिल अवचटांना मिळाला, पुढे दिलीप प्रभावळकर, माधुरी पुरंदरे, राजीव तांबे अशा लेखकांना. २०१९ चे मानकरी सलीम मुल्ला तर वनखात्यात नोकरी करणारे; जंगल त्यांच्या रोजच्या कामातूनच पुस्तकात आले. राज्य शासनाच्या बालवाङ्मय पुरस्कारांना साने गुरुजी आणि बालकवी यांची नावे आहेत. या सगळ्यांची निवड जाणकार प्रौढ करतात. अमेरिकेत १९२२ पासून दिले जाणारे न्यूबेरी पदकही ग्रंथपालच ठरवतात. मुलांच्या मतांवर विजेता ठरवण्याची पद्धत इंग्लंडमध्ये १९८० साली एका पुरस्काराने रुजवली, पण अशी उदाहरणे थोडी.

शाळेत होणाऱ्या सोहळ्याचे मोल यामुळेच वेगळे. बंगळुरूच्या नीव अकादमी या शाळेने २०१८ पासून भारतीय बालपुस्तकांसाठी स्वतःचा पुरस्कार चालवला आहे. मराठी शाळांत लेखकाला बोलावण्याचे निमित्त बहुधा १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, १४ नोव्हेंबरचा बालदिन किंवा २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन असते. निमित्त कोणतेही असो, ज्यांच्यासाठी पुस्तक लिहिले ते वाचक त्या दिवशी समोर बसलेले असतात. सभागृहातल्या मोठ्या सोहळ्यात लेखकाला हे भाग्य क्वचित लाभते.

कार्यक्रमाचा साचा ठरलेला असतो. दीपप्रज्वलन, ईशस्तवन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, मानपत्राचे वाचन, मग अध्यक्षीय भाषण आणि आभार. लेखकाच्या हाती ध्वनिक्षेपक येईपर्यंत सतरंजीवर बसलेली पहिली-दुसरीची मुले चुळबुळ करू लागलेली असतात, कारण सर्वांत लहान मुलांना पुढे बसवण्याची रीत असल्याने तीच सर्वांत आधी येऊन बसलेली असतात. म्हणून लेखकाने मुख्याध्यापकांशी आधीच बोलून आपली वेळ सत्काराच्या अगोदर मागून घ्यावी. शाळा सहसा नाही म्हणत नाही. कोणी मागितलेलेच नसते, एवढेच.

बोलण्यापेक्षा वाचून दाखवणे केव्हाही चांगले. मनोगतात लेखक आपल्या प्रवासाविषयी सांगतो आणि मुलांना त्यात रस नसतो. गोष्टीतला एखादा प्रसंग मात्र ती कान देऊन ऐकतात. दहा मिनिटांचा उतारा निवडावा, त्यात दोन माणसांचे बोलणे असावे आणि तो अशा जागी थांबवावा की पुढे काय झाले हे पुस्तक उघडल्याशिवाय कळू नये. उतारा घरी मोठ्याने वाचून पाहावा. छापील ओळीत सहज वाटलेले लांब वाक्य सभागृहात दमछाक करते, हे तेव्हाच कळते.

नवी मुंबईत श्रोत्यांचा विचार आणखी बारकाईने करावा लागतो. सिडकोने १९७० नंतर हे शहर वसवले ते आगरी-कोळ्यांच्या गावांच्या शेतजमिनींवर आणि मिठागरांवर. घणसोली, करावे, दिवाळे या गावठाणांतली मुले घरी आगरी बोलतात. कोपरखैरणे, घणसोलीकडच्या वर्गांत बाजार समितीतल्या माथाडी कामगारांची मुले भेटतात. त्यांची गावे साताऱ्याकडची, सांगलीकडची. वाशी, नेरूळच्या इंग्रजी शाळांतली मराठी मुले बोलतात झकास, पण जोडाक्षराशी अडखळतात. २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे झाले. सक्तीने विषय वेळापत्रकात येतो. गोडी लावायला मात्र पुस्तकच लागते. या सगळ्या मुलांसमोर एकच मराठी शुद्ध आणि बाकीच्या गावंढळ असे सुचवणारा एक शब्दही तोंडून जाऊ नये. आगरी मुलाने आपल्या बोलीत प्रश्न विचारला, तर त्याला तो प्रमाणभाषेत पुन्हा विचारायला लावू नये.

प्रश्नोत्तरांचा भाग सर्वांत मोलाचा आणि तोच वेळेअभावी कापला जातो. शिक्षकांनी लिहून दिलेले ‘आपली प्रेरणा कोणती’ छापाचे प्रश्न एक-दोन घ्यावेत आणि मग मागच्या रांगेकडे वळावे. तिथून येणारे प्रश्न खरे असतात: कुत्रा शेवटी का मेला, वडील इतके का ओरडतात, चित्र तुम्हीच काढले का, पैसे किती मिळाले. यातला कोणताही प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. पैशांचा आकडा सरळ सांगावा; लिहिणे हेही मोबदला मिळणारे काम आहे, हे मुलांना त्यातूनच समजते. चित्रांविषयी विचारले तर चित्रकाराचे नाव घ्यावे आणि मंचावरही ते आपणहून घ्यावे. मराठीत चित्रकाराचे नाव मुखपृष्ठावरून अजूनही गळते, हा मोठा अन्याय आहे. एखाद्या मुलीने पुस्तक आवडले नाही असे सांगितले, तर का आवडले नाही ते विचारावे आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्यावे. परीक्षकांच्या अहवालात असे मत कधीच येत नाही.

स्वाक्षरीच्या वेळी मुलाचे नाव विचारून लिहावे. ज्यांनी पुस्तक विकत घेतलेले नाही, तीही वही पुढे करतात; त्यांनाही तेवढाच वेळ द्यावा. पालिकेच्या शाळेत पुस्तकविक्रीचे टेबल मांडण्याचा आग्रह प्रकाशकाने धरला, तर तो लेखकाने मोडून काढावा. ज्या मुलाच्या खिशात पैसे नाहीत, त्याला त्या टेबलासमोर उभे करणे बरे नव्हे. त्याऐवजी मानधनातून काही प्रती शाळेलाच द्याव्यात.

त्या प्रती मंचावर भेट देऊन मोकळे होऊ नये. ग्रंथालयाच्या नोंदवहीत त्यांची नोंद झालेली पाहावी आणि कपाटाची किल्ली कोणाकडे असते, मुलांना पुस्तके घरी नेता येतात का, हे विचारावे. पुस्तके कुलपातच राहत असतील, तर मुख्याध्यापकांना विनंती करून निदान त्या प्रती वर्गात ठेवायला सांगावे.



तुझा,
मामा