जुन्या वस्तूंची विक्री आणि कर

उद्दिष्टे
या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्ही
• घरातील जुनी वस्तू विकणे आणि जुन्या वस्तूंचा व्यापार करणे यांतील फरक सांगू शकाल;
• कोणत्या विक्रीची नोंद आयकर विवरणपत्रात करावी लागते, हे ओळखू शकाल;
• वस्तू व सेवा कर (जीएसटी) जुन्या मालावर कसा आकारला जातो, हे स्पष्ट करू शकाल.

प्रस्तावना
चंदीगड शहर वसवले गेले, तेव्हा पिअर जानरे या वास्तुविशारदाने तेथील सरकारी कचेऱ्यांसाठी साध्या व मजबूत लाकडी खुर्च्यांची रचना केली. कालांतराने त्यांतील अनेक खुर्च्या भंगार म्हणून लिलावात निघाल्या. पुढे त्याच खुर्च्या परदेशांतील लिलावगृहांत लाखो रुपयांना विकल्या जाऊ लागल्या. अखेर 2011 मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने अशा वारसा-वस्तूंच्या विक्रीस मनाई केली. जुनी वस्तू म्हणजे टाकाऊ वस्तू नव्हे, हे यावरून दिसते.

आपल्या घरातील वस्तूंना एवढी किंमत येत नसली, तरी गिऱ्हाईक मात्र मिळते. पूर्वी भंगारवाल्याकडे जाणारी सायकल आता मोबाइलवर छायाचित्र टाकून विकता येते. पैसे थेट बँकेच्या खात्यात जमा होतात. अशा वेळी 'यावर कर भरावा लागेल का?' हा प्रश्न मनात येतो. काही जण विनाकारण घाबरतात, तर काही जण व्यापार करूनही निर्धास्त राहतात. दोन्ही गोष्टी नुकसानकारक आहेत.

1. वापरलेली वस्तू की विक्रीचा माल?
कायदा सर्वप्रथम एक गोष्ट पाहतो: वस्तू स्वतःच्या वापरासाठी घेतली होती की विकण्यासाठी?

समजा, चंदीगडमधील एका कुटुंबाने 18,000 रुपयांचा फ्रिज सहा वर्षे वापरून 5,000 रुपयांना विकला. हे पैसे उत्पन्न नव्हेत. 1961 च्या आयकर कायद्यात, तसेच 1 एप्रिल 2026 ही अंमलाची तारीख असलेल्या 2025 च्या कायद्यातही, स्वतःच्या व कुटुंबाच्या वापरातील जंगम वस्तू भांडवली मालमत्तेतून वगळल्या आहेत. त्यामुळे कपाट, पलंग, मोबाइल किंवा घरची स्कूटर विकल्यास भांडवली नफ्यावर कर लागत नाही. तोटा झाला, तरी तो इतर उत्पन्नातून वजा करता येत नाही. ही विक्री व्यवसाय नसल्याने जीएसटीही लागत नाही.

या नियमाला अपवाद आहेत. दागिने, चित्रे, शिल्पे, इतर कलाकृती व पुरातत्त्वीय संग्रह या भांडवली मालमत्ता आहेत. आजीकडून वारशाने आलेली सोन्याची बांगडी विकली, तर नफा विवरणपत्रात दाखवावा लागतो. तेथे आजीची खरेदी-किंमत आणि आजीच्या मालकीचा काळही हिशोबात धरला जातो.

2. व्यापार केव्हा सुरू होतो?
आता दुसरे उदाहरण पाहू. सेक्टर 22 मध्ये राहणारा एक तरुण लोकांकडून जुने मोबाइल विकत घेतो, ते दुरुस्त करतो आणि इंटरनेटवरून विकतो. त्याचे दुकान नाही. तरीही तो व्यापारीच आहे. नफ्यासाठी वारंवार केलेली खरेदी-विक्री हा व्यवसाय होय.

त्याची वर्षाची विक्री 6 लाख रुपये आहे आणि सर्व पैसे बँकेमार्फत आले, असे समजू. 2 कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असणाऱ्या लहान व्यावसायिकांना अनुमानित उत्पन्नाची सोय आहे. तिच्यानुसार बँकेमार्फत आलेल्या रकमेच्या किमान 6 टक्के, म्हणजे येथे 36,000 रुपये, उत्पन्न दाखवता येते. रोखीने आलेल्या रकमेसाठी हे प्रमाण 8 टक्के आहे. प्रत्यक्ष नफा अधिक असल्यास तो अधिकच दाखवावा.

विवरणपत्र भरणे आणि कर भरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 2025-26 या आर्थिक वर्षापासून नव्या कर-रचनेत निवासी व्यक्तीच्या 12 लाखांपर्यंतच्या सामान्य उत्पन्नावरील कर सवलतीमुळे शून्य होतो. तथापि एकूण उत्पन्न 4 लाखांहून अधिक असल्यास विवरणपत्र भरावेच लागते.

3. संकेतस्थळाने कापलेला कर
विक्री घडवून आणणाऱ्या संकेतस्थळांनी विक्रेत्याच्या रकमेतून आयकर कापावा, हा नियम 1 ऑक्टोबर 2020 पासून लागू झाला. पूर्वी हा दर 1 टक्का होता. 1 ऑक्टोबर 2024 पासून तो 0.1 टक्का झाला. व्यक्तीची वर्षाची विक्री 5 लाखांपर्यंत असेल आणि तिने पॅन किंवा आधार दिले असेल, तर कपात होत नाही. आपल्या उदाहरणात 600 रुपये कापले जातील. विवरणपत्र भरल्यावर ते देय करातून वजा होतात. कर देय नसेल, तर परत मिळतात.

4. जीएसटी आणि शहराची सीमा
नोंदणीकृत व्यापाऱ्याने 9,000 रुपयांना घेतलेला जुना मोबाइल 10,500 रुपयांना विकला, तर 1,500 रुपयांच्या फरकावरच जीएसटी आकारता येतो. 18 टक्के दराने तो 270 रुपये होतो. मात्र खरेदीवरील कराची वजावट घेतलेली नसावी आणि किरकोळ दुरुस्तीने वस्तूचे मूळ स्वरूप बदललेले नसावे.

केवळ मालाची विक्री करणाऱ्यास चंदीगडमध्ये 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत सामान्यतः नोंदणी लागत नाही. 1 ऑक्टोबर 2023 पासून संकेतस्थळावरून विकणाऱ्या लहान विक्रेत्यांनाही ही सूट मिळाली. त्यासाठी पोर्टलवर नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि विक्री स्वतःच्या राज्यात किंवा केंद्रशासित प्रदेशातच करावी लागते.

ही शेवटची अट चंदीगडमध्ये फार महत्त्वाची आहे. मोहाली पंजाबात आहे, तर पंचकुला हरियाणात. लोकांच्या दृष्टीने तिन्ही मिळून एकच शहर. परंतु व्यापाऱ्याने अवघ्या काही किलोमीटरवरील मोहालीच्या ग्राहकास मोबाइल पाठवला, की ती आंतरराज्य विक्री ठरते. मग ही सूट राहत नाही आणि नोंदणी घ्यावी लागते.

5. नोंद हाच आधार
घरची वस्तू विकणाऱ्याने मूळ पावती, खरेदीदाराशी झालेला संदेशव्यवहार व बँकेतील नोंद जपून ठेवावी. व्यापाऱ्याने प्रत्येक वस्तूची तारीख, खरेदी-किंमत, विक्री-किंमत आणि देणाऱ्याचे नाव वहीत लिहावे. जुना मोबाइल घेताना त्याचा आयएमईआय क्रमांक टिपून घेतल्यास चोरीच्या मालाच्या संशयापासूनही बचाव होतो. आयकर विभागाच्या वार्षिक माहिती विवरणात एखादी नोंद चुकीची आढळली, तर तेथेच आक्षेप नोंदवता येतो.

आपण काय शिकलो?
• स्वतः वापरलेली सामान्य वस्तू विकणे म्हणजे उत्पन्न मिळवणे नव्हे.
• नफ्यासाठी वारंवार केलेली खरेदी-विक्री हा व्यवसाय आहे.
• लहान व्यापाऱ्याला सवलती आहेत. मात्र त्यांच्या अटी पाळाव्या लागतात.

शब्दार्थ
जंगम – एका जागेवरून दुसरीकडे नेता येणारे
उलाढाल – ठरावीक काळातील एकूण विक्री
अनुमानित – अंदाजाने ठरवलेले

स्वाध्याय
1. जुना पलंग आणि जुनी बांगडी यांच्या विक्रीला वेगवेगळे नियम का लागू होतात?
2. 12,000 रुपयांना घेतलेला जुना मोबाइल नोंदणीकृत व्यापाऱ्याने 14,000 रुपयांना विकला. 18 टक्के दराने फरकावरील जीएसटी काढा.
3. तुमच्या घरातून गेल्या वर्षभरात विकल्या गेलेल्या वस्तूंची यादी करा व प्रत्येकीचा पुरावा उपलब्ध आहे का, ते लिहा.