खवले मांजर : लाखाची लालूच आणि तुरुंगाची वाट



दर अंकात आपण लागण, बेणेप्रक्रिया, खतमात्रा यांविषयी बोलतो. या वेळचा विषय वेगळा असला तरी आपल्या बांधावरचाच आहे. डोंगरकडेच्या एका गावी ऊस पाहायला गेलो असता एका सभासदाने बाजूला घेऊन विचारले, "साहेब, खवले मांजराचे लाखो रुपये येतात म्हणत्यात, खरं का?" त्याचे उत्तर सर्वांनाच द्यावे म्हणून हा लेख.

हा प्राणी कसा असतो?

नाव मांजर असले तरी हे मांजर नव्हे. अंगभर कडक खवले, लांब शेपूट, वजन साधारण १० ते १६ किलो. तोंडात एकही दात नाही. रात्री बाहेर पडायचे, पंजाने वारूळ उकरायचे आणि लांब चिकट जिभेने वाळवी व मुंग्या टिपायच्या, हाच त्याचा धंदा. लागणीनंतर कांडीला वाळवी लागली की डोळे मरतात आणि नांग्या पडतात, हे आपण जाणतोच. ती वाळवी हा प्राणी फुकट खातो. उसाला तो तोंड लावीत नाही.

मादी एका वेळी बहुधा एकच पिल्लू देते. म्हणजे एक मारले तर भर लवकर होत नाही. संकट आले की तो अंगाची गुंडाळी करतो. बिबट्यापुढे ही युक्ती चालते, माणसापुढे नाही. माणूस ती गुंडाळी उचलून सरळ पोत्यात भरतो.

खवल्यात काय आहे?

आपल्या नखात जे द्रव्य आहे तेच. औषध म्हणून ते प्रामुख्याने चीन व व्हिएतनामकडे चोरून जातात. एप्रिल २०१९ मध्ये सिंगापूर बंदरात एकाच आठवड्यात दोन वेळा मिळून २५ टनांहून अधिक खवले पकडले. उसाने भरलेल्या एका ट्रकपेक्षा हे वजन जास्त! ते आफ्रिकेतून आले होते. २०१६ साली जगातील आठही जातींच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंदी ठरली. २०२० मध्ये खुद्द चीनने आपल्या अधिकृत औषधसूचीतून खवले वगळले. आपल्याकडे मांडुळाप्रमाणेच याच्याही नावाने पैशांच्या पावसाच्या थापा मारल्या जातात. नखाने पाऊस पडत असता तर आपण नांगर कशाला धरला असता?

कायदा काय म्हणतो?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हा प्राणी पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला आहे. पकडणे, मारणे, जवळ बाळगणे, विकणे, वाहून नेणे, सगळाच गुन्हा. शिक्षा ३ ते ७ वर्षे कैद, शिवाय २०२२ च्या दुरुस्तीनुसार किमान २५,००० रुपये दंड. वाहनही जप्त होते. पुष्कळदा लाखाची बोली लावणारे गिऱ्हाईक म्हणजे साध्या वेशातले वन कर्मचारी किंवा पोलीसच असतात.

फडात सापडले तर?

१) तेवढ्या भागातली तोडणी थांबवा, कुत्री दूर बांधा.
२) हात लावू नका, पोत्यात भरू नका. शांतता झाली की ते आपोआप उलगडते व निघून जाते.
३) जखमी असेल किंवा विहिरीत पडले असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.
४) मुकादमाला व टोळीला हे आधीच सांगून ठेवा. ती माणसे परगावची असतात. एखादा दलाल त्यांनाच गाठतो आणि केस मात्र आपल्या शेतावर होते.

त्या सभासदाला मी एवढेच म्हणालो, "दादा, लाख कुणाला मिळत असतील ते मिळोत. आपल्या वाट्याला कोर्टाच्या तारखा येतील." उसाचे बिल उशिरा का होईना, पण हक्काचे असते. तेच आपले खरे धन.