मायक्रोफोनच्या केबलमधील घरघर

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या सभागृहात मायक्रोफोनची केबल विजेच्या तारांसोबत एकाच नळीतून नेली आहे. ध्वनिवर्धकातून सतत घरघर येते. केबलचा इंपीडन्स जुळत नाही, महाग केबल घ्या, असे दुकानदार सांगतो. काय करावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : दुकानदाराचा सल्ला तूर्त दफ्तरदाखल करावा. केबलची लांबी तरंगलांबीच्या मानाने लक्षणीय असेल, तेव्हाच इंपीडन्सचा प्रश्न उपस्थित होतो. आणि ५० हर्ट्‌झ विजेची तरंगलांबी अवकाशात सुमारे ६००० किलोमीटर असल्याने आपले सभागृह कितीही प्रशस्त असले तरी तेथे तो उद्भवत नाही. खरे कारण वीजतारांचे सान्निध्य हेच होय. वेणीसारखी पिळलेली जोडतार, जिचे पेटंट ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ साली घेतले, ती वापरल्यास लागोपाठच्या पिळांत उलटसुलट प्रेरित होणारा विद्युत्‌दाब परस्परांस बहुतांशी निरस्त करतो. वरची धातूची जाळी विद्युत क्षेत्र अडवते, परंतु चुंबकीय क्षेत्रापुढे तिची मात्रा फारशी चालत नाही. तस्मात पिळलेल्या जोडतारेची, संतुलित जोडणीची केबल स्वतंत्र नळीतून, वीजतारांपासून फूटभर अंतराने न्यावी, आणि छेदणे अपरिहार्यच असेल तेथे काटकोनात छेदावी. एकाच नळीतील सहवास जिवासही धोक्याचा आहे. तो परवानाधारक वायरमनकडून आधी मोडावा. घरघर थांबते म्हणून ध्वनिवर्धकाचे अर्थिंग मात्र कदापि तोडू नये.