मालाची जाहिरात कशी लिहावी : गुळाच्या एका पत्रकावरून मिळालेला धडा

शेतमाल पिकविण्याची विद्या आपल्या शेतकरीवर्गास वाडवडिलांपासून अवगत आहे. परंतु पिकविलेल्या मालाबद्दल चार ओळी लिहून गिऱ्हाइकास तो घ्यावासा वाटेल असे करण्याची विद्या आपणांपैकी फारच थोडे शिकले असतील. जोवर माल अडत्याच्या दुकानी टाकून पट्टी घेऊन परतावयाचे, तोवर तिची गरजही नव्हती. आज पुष्कळ बागायतदार गूळ, हळद, बेदाणा, आंबा, हातसडीचा तांदूळ हे जिन्नस स्वतःच्या नावाने थेट शहरातील कुटुंबांस विकू लागले आहेत. अशा वेळी आपल्या वतीने बोलावयास मध्ये दुकानदार नसतो. पुडक्यावरील चिठ्ठी आणि गिऱ्हाइकाच्या हाती पडलेले पत्रक हेच आपले बोलणे. ते कसे असावे, याविषयी प्रस्तुत लेखकास स्वतःच्या चुकीतून जे उमगले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

पहिले पत्रक व त्याचा परिणाम

माझी सारी नोकरी महसूल खात्यात कारकुनी करण्यात गेली. लिखाणाचा हात बरा, म्हणून तीन वर्षांपूर्वी पुतण्याने आपल्या गुऱ्हाळाच्या गुळाचे पत्रक मजकडून लिहवून घेतले. मी लिहिले ते येणेप्रमाणे :

"अत्युत्कृष्ट! शंभर टक्के शुद्ध! अमृततुल्य, आरोग्यदायी, सर्व रोगांवर गुणकारी व मधुमेह्यांसही निर्धोक असा आमचा सुप्रसिद्ध गूळ एकवार अवश्य घ्या व खात्री करा!"

पाचशे पत्रके छापून शहरातील एका प्रदर्शनात वाटली. मागण्या आल्या त्या अवघ्या तीन. महिन्याभराने त्या तिघांपैकी एका बाईंचे पत्र आले. त्यांच्या सासूबाईंस मधुमेह होता. पत्रकातील शब्दावर विसंबून त्या सासूबाईंस साखरेऐवजी गुळाचा चहा देत राहिल्या, आणि रक्तातील साखर फार वाढल्यामुळे म्हातारीस रुग्णालयात ठेवावे लागले. पत्रात राग असा नव्हता. हे वाक्य आपण कोणाच्या सांगण्यावरून लिहिले, एवढेच त्यांनी शेवटी विचारले होते.

याचे उत्तर मजजवळ नव्हते. कोणीच सांगितले नव्हते. वाक्य कानास गोड लागले म्हणून लिहिले होते. गूळ हीदेखील मुख्यत्वे उसाची साखरच. थोडी खनिजे व मळीचा अंश त्यात राहतो इतकेच. मधुमेह्याने तो साखरेप्रमाणेच टाळावयाचा असतो. हे मला ठाऊक नव्हते असेही नाही. पण लेखणी धावली आणि विचार मागे राहिला. बाईंस पत्र लिहून चूक कबूल केली, उरलेली पत्रके चुलवाणात घातली आणि जाहिरात लिहिणे म्हणजे काय, हे नव्याने शिकावयास बसलो.

पंचनाम्यापासून घ्यावयाचा बोध

विशेष असे, की ही विद्या नोकरीत मी निम्मी शिकलोच होतो. उमेदवारीच्या दिवसांत गारपिटीच्या एका पंचनाम्यात मी "पिकाचे अतोनात नुकसान झाले आहे" असे लिहिले. वरिष्ठांनी कागद परत केला व विचारले, "अतोनात म्हणजे किती गुंठे? पीक कोणते? फुलोऱ्यात होते की दाणा भरला होता? पाहिले कोणी?" त्या दिवसापासून पंचनाम्यातून विशेषणे गेली व त्यांच्या जागी आकडे आणि साक्षी आले. पुतण्याच्या पत्रकात मात्र मी तो धडा साफ विसरलो.

गिऱ्हाईकही त्या वरिष्ठासारखेच असते. 'अत्युत्कृष्ट' हा शब्द आमच्या शेजारच्या गुऱ्हाळवाल्यास तितकाच लिहिता येतो. जो शब्द कोणीही आपल्या मालास लावू शकतो, तो कोणाच्याच मालाचा नसतो. यास्तव मी कागद घेऊन गुऱ्हाळावर जाऊन बसलो आणि डोळ्यांपुढे घडेल तेवढेच टिपू लागलो. ऊस को ८६०३२ जातीचा. तोडीनंतर चोवीस तासांच्या आत चरकाला लागतो, कारण तोडलेला ऊस पडून राहिला तर रसातील साखर विघटते व गूळ नीट बसत नाही. काहिलीतील रस तापू लागला की रानभेंडीचा चिकट रस घालून वर आलेली मळी काढतात. पाक उतरण्याजोगा झाला की नाही, हे गुळव्या त्याचा थेंब थंड पाण्यात सोडून व त्याची गोळी बोटांनी दाबून पाहतो. गुळाचा रंग उजळावा म्हणून पुष्कळ ठिकाणी हायड्रोस नावाची पूड टाकतात; पुतण्या ती टाकीत नाही.

माझे टिपण पाहून पुतण्या म्हणाला, "काका, भेंडी आणि पाण्यातली गोळी हे तर सगळेच करतात. यात सांगण्यासारखे काय आहे?"

या प्रश्नाचे उत्तर क्लॉड हॉपकिन्स या अमेरिकन जाहिरात-लेखकाच्या अनुभवात सापडते. जाहिरातीचे शास्त्र सांगणारे त्याचे पुस्तक १९२३ साली प्रसिद्ध झाले. मिलवॉकी शहरातील श्लिट्झ नावाच्या बीअरच्या कारखान्याचे काम त्याजकडे आले होते. उदाहरण मद्याचे आहे, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. बोध निर्मळ आहे. त्या काळी सर्वच कारखाने आपली बीअर 'शुद्ध' म्हणून ओरडत असत. हॉपकिन्सने कारखाना आतून पाहिला, तेव्हा प्रत्येक बाटली यंत्राने चार वेळा धुतात असे त्यास आढळले. हे लोकांस का सांगत नाही, असे विचारता, सगळेच कारखाने असे करतात, हे उत्तर मिळाले. त्याने जाणले, की करतात सगळे, पण सांगितले कोणीच नाही. त्याने ते सांगितले व त्या मालाचा खप पुष्कळ वाढला. आपणांस नित्याची वाटणारी गोष्ट शहरातील गिऱ्हाइकाने कधी पाहिलेलीच नसते, हे शेतकऱ्याने पक्के ध्यानात धरावे.

गिऱ्हाइकाच्या मनातील शंका

मालाचे गुण सांगून झाले म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केले, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज शेतकऱ्यांत होता व सुरुवातीस नांगर खपेनात. नांगर किती खोल जातो हे घेणाऱ्यास कितीही सांगितले, तरी त्याच्या मनात 'माझी जमीन तर नासणार नाही ना?' हाच प्रश्न घोळत असावयाचा. पुढे १९२० साली 'किर्लोस्कर खबर' हे पत्र निघाले, त्यातून त्या कारखान्याच्या मालाची माहिती लोकांपर्यंत जाऊ लागली. विक्रीच्या मागे लेखणी उभी करण्याचे असे उदाहरण आपल्याच प्रांतात आहे.

आमच्या गुळाबद्दल गिऱ्हाइकाची शंका रंगाची होती. बाजारात पिवळाधमक गूळ पाहण्याची सवय असल्यामुळे काळसर गूळ म्हणजे जुना किंवा नासका, असे त्यास वाटते. ही शंका आपण लपविली तर ती गिऱ्हाइकाच्या मनात वाढते. आपणच प्रथम बोलून दाखविली तर ती विरते. मालाचा दोषही तसाच आधी सांगावा. गिऱ्हाइकास तो घरी गेल्यावर कळला, तर त्याच्या लेखी ती फसवणूक ठरते.

दुसरे पत्रक

या विचाराने लिहिलेले पत्रक असे :

"गडद रंगाचा गूळ, यंदाच्या जानेवारीत केलेला. आमच्या शेतातील को ८६०३२ जातीचा ऊस, तोडल्यापासून चोवीस तासांच्या आत गाळलेला. मळी रानभेंडीच्या रसाने काढली आहे. रंग उजळण्यासाठी हायड्रोस घातलेला नाही. म्हणून हा गूळ पिवळा नसून तांबूस-काळसर आहे. पावसाळ्यात यास पाणी सुटते. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. मधुमेह असणाऱ्यांनी साखरेप्रमाणे हाही टाळावा. प्रथम पाव किलो मागवून पाहावा. न आवडल्यास पैसे परत मिळतील. मागणीसाठी सायंकाळी सहा ते आठ या वेळात खालील क्रमांकावर बोलावे. गुऱ्हाळ पाहावयाचे असल्यास डिसेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत यावे."

यात एकही उद्गारचिन्ह नाही. पहिल्या ओळीत वस्तू कोणती हे आहे, मध्ये तिचा पुरावा आहे आणि शेवटी वाचणाऱ्याने आता काय करावे हे आहे. पुष्कळ जाहिराती मालाची स्तुती करून थांबतात. मागणी कोठे व केव्हा करावी, हेच सांगावयाचे विसरतात.

मधुमेहाचे वाक्य काढावे, असा पुतण्याचा फार आग्रह होता. मी ते ठेवविले. त्या हंगामात बेचाळीस मागण्या आल्या व त्यांतील निम्म्याहून अधिक घरांनी पुन्हा गूळ नेला. एका गृहस्थाने तर सांगितले, की ते एक वाक्य वाचले म्हणूनच बाकीच्या वाक्यांवर विश्वास बसला. ज्या बाईंनी पत्र लिहिले होते, त्यांची मागणी आलेली नाही. यावी अशी अपेक्षाही मी धरलेली नाही.

कायद्याचे कुंपण

खाद्यपदार्थाचे खोटे वर्णन करणाऱ्या अथवा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मधुमेहादी रोग बरे करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींस १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. गुळा-हळदीस औषधाचा मुलामा देणाऱ्यांनी हे विसरू नये. पुडक्यावर निव्वळ वजन, किंमत, तयार केल्याचा महिना, उत्पादकाचे नाव व पत्ता आणि अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक असावा. कोल्हापूरचा गूळ किंवा कोकणचा हापूस यांस भौगोलिक मानांकन आहे. त्या मानांकनाखाली माल विकावयाचा तर अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंद आधी करून घ्यावी.

अभ्यास

वाचकांनी आपल्या एका मालाची जाहिरात आजच लिहून पाहावी व पुढील चार कसोट्या लावाव्यात.

१. जो शब्द शेजाऱ्याच्या मालासही लागू पडेल, तो खोडावा.

२. प्रत्येक वाक्यापुढे 'साक्षीदार कोण?' असे लिहावे. उत्तर नसल्यास वाक्य काढावे.

३. घेणाऱ्याच्या मनातील मुख्य शंका एका ओळीत लिहावी व तिचे उत्तर मजकुरात आले आहे की नाही, ते पाहावे.

४. शेतीची माहिती नसलेल्या कोणास मजकूर वाचून दाखवावा आणि माल कसा मागवावा, हे त्यास विचारावे. त्यास सांगता न आल्यास मजकूर अपुरा समजावा.

एवढे करून जे चार-सहा ओळींचे लिखाण उरेल, ते दिसण्यास साधे दिसेल. पण कोण्या घरातील म्हातारीस आपल्या शब्दावर विसंबून काही खावयास दिले जाणार आहे, हे ध्यानात ठेवून लिहिलेल्या मजकुरास ती साधेपणाची उणीव बाधत नाही.