दोन लहान ग्रंथी व उशिरा झालेली निदाने

मानेत अवटू ग्रंथीच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या बहुधा चार परावटू ग्रंथी असतात. रक्तातील कॅल्शियमचे प्रमाण स्थिर राखणे हे त्यांचे कार्य होय. मानवी शरीरातील या ग्रंथींचे पद्धतशीर वर्णन स्वीडनमधील इव्हार सांडस्ट्रॉम या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १८८० मध्ये केले. तत्पूर्वी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मरण पावलेल्या एका भारतीय गेंड्याच्या शवविच्छेदनात रिचर्ड ओवेन यांना अशी ग्रंथी आढळली होती.

या ग्रंथी कमी पडल्या म्हणजे हाडे ठिसूळ होतात, असा समज पुढेही बराच काळ होता. १९२५ मध्ये व्हिएन्नाचे शल्यचिकित्सक फेलिक्स मांडल यांनी हाडे झिजलेल्या एका ट्राम कर्मचाऱ्याच्या शरीरात प्रथम परावटू ग्रंथीचे रोपण केले. गुण आला नाही. तेव्हा त्यांनी मान उघडून तेथील परावटू ग्रंथीची गाठ काढून टाकली आणि रुग्णाच्या वेदना कमी झाल्या. ग्रंथीचा स्राव वाढला, की हाडांतील कॅल्शियम रक्तात उतरते, हे यावरून स्पष्ट झाले.

याच विकाराचे सर्वांत बोधप्रद उदाहरण अमेरिकेतील जहाजाचे कप्तान चार्ल्स मार्टेल यांचे आहे. हा उंच, धडधाकट पुरुष काही वर्षांत सुमारे सात इंचांनी खुजा झाला. हाडे वारंवार मोडू लागली, मूत्रमार्गात खडे झाले. १९२६ मध्ये निदान झाले, तरी एकामागून एक सहा शस्त्रक्रियांत रोगट ग्रंथी सापडली नाही. मार्टेल यांनी स्वतः शरीररचनेचे ग्रंथ अभ्यासले व छातीत शोध घ्यावा असा आग्रह धरला. गर्भावस्थेत या ग्रंथी खाली सरकत मानेत येतात. एखादी वाट चुकून छातीत उतरते. १९३२ मध्ये बॉस्टन येथील सातव्या शस्त्रक्रियेत गाठ नेमकी छातीत मिळाली. तथापि मूत्रपिंडांची हानी भरून येण्याजोगी नव्हती. मूतखड्यावरील शस्त्रक्रियेनंतर, अवघ्या सहा आठवड्यांत, त्यांचे निधन झाले.

आपल्याकडे वारंवार होणारा मूतखडा पाण्याच्या दोषावर आणि हाडांचे दुखणे वयावर ढकलले जाते. दोन्ही एकत्र दिसल्यास रक्तातील कॅल्शियमची तपासणी करून घ्यावी; ती साधी व अल्प खर्चाची आहे.

निदान लांबण्याची हीच तऱ्हा मेंदूच्या तळाशी असलेल्या, वाटाण्याएवढ्या पोष ग्रंथीच्या एका विकारातही दिसते. गरोदरपणात ही ग्रंथी मोठी होते. प्रसूतीच्या वेळी अतिरक्तस्राव झाल्यास तिला रक्तपुरवठा अपुरा पडून तिचा भाग मृत होतो. ग्लासगो येथे काम करणाऱ्या हॅरल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये याचे विवेचन केले. अशा मातेला दूध येत नाही, पाळी परतत नाही, काखेतील केस गळतात, थंडी सोसवत नाही, काम उरकत नाही. घरातील मंडळी तिला आळशी ठरवितात. क्वचित बाहेरच्या बाधेचा उपायही सुरू होतो. मूल शाळेत जाऊ लागते, तरी निदान झालेले नसते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या काश्मीर खोऱ्यातील पाहणीत वीस वर्षांवरील प्रसूती झालेल्या स्त्रियांत हे प्रमाण सुमारे ३ टक्के आढळले. त्यांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश स्त्रियांची बाळंतपणे घरी झाली होती.

प्रसूतीच्या वेळी किती रक्त गेले, याची नोंद आरोग्यसेविकेने ठेवली असेल व दूध न आल्याचे तिने विचारले असेल, तर निदान वर्षानुवर्षे लांबत नाही. उपचार आयुष्यभराचे, पण गोळ्यांचेच आहेत. मात्र अवटूचे संप्रेरक प्रथम देऊन चालत नाही. अधिवृक्क ग्रंथीच्या स्टेरॉईडची उणीव आधी भरून काढावी लागते. अन्यथा अशक्त रुग्णेचा रक्तदाब एकाएकी उतरून जिवावर बेतते. केवळ अवटूची तपासणी पाहून औषध सुरू करण्याचा मोह म्हणूनच धोक्याचा ठरतो.