वियोगाचे दुःख आणि वयापलीकडची मैत्री

जोडीदार गेल्यानंतरचे पहिले काही महिने शरीरालाही जड जातात, हे वैद्यकशास्त्राने मोजून पाहिले आहे. ब्रिटनमध्ये १९५७ साली पत्नी गमावलेल्या, ५५ वर्षे व त्यावरील ४,४८६ पुरुषांचा नऊ वर्षे मागोवा घेतला गेला. १९६९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या सहा महिन्यांत त्यांतले २१३ जण दगावले. त्याच वयाच्या विवाहित पुरुषांपेक्षा हे प्रमाण ४० टक्क्यांनी जास्त होते आणि त्यात हृदयविकाराचा वाटा मोठा होता.

इकडे आपण काय करतो? वडील गेले की आईला, आई गेली की वडिलांना अमेरिकेत घेऊन येतो. स्वतंत्र खोली, मराठी वाहिन्या, वेळेवर औषधे, कशाचीही ददात नसते. तरीही माणूस कोमेजत जातो. माझ्या मते याचे एक कारण असे, की सगळे त्याला देत असतात, त्याच्याकडे कोणी काही मागत नाही. शिवाय घरचे लोक एकमेकांना जपतात. आई रडेल म्हणून मुलगा बाबांचा विषय काढत नाही आणि मुलगा हळवा होईल म्हणून आई गप्प बसते.

बाहेरच्या लहान मुलाला ही भीड नसते. आमच्या ओळखीच्या एका आजोबांच्या गॅरेजमध्ये शेजारच्या दहा वर्षांच्या अमेरिकन मुलाला कॅरम दिसला. "हे कोण खेळतं?" "मी आणि माझी बायको. ती आता नाही." "मग आता तुमच्याशी कोण खेळतं?" चार महिन्यांत घरात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. शाळा सुटली की तो मुलगा येऊ लागला. आजोबांचे इंग्रजी बेताचेच, पण मुलगा सोंगट्या मराठीत मोजायला शिकला. आजोबा पुन्हा रोज दाढी करू लागले. (डॉक्टरच्या दृष्टीने ही मोठीच सुधारणा!)

नेदरलँड्समधील डेव्हेंटर गावच्या एका वृद्धाश्रमाने हेच जाणूनबुजून केले. तिथे विद्यार्थ्यांना राहायला खोली मोफत मिळते. त्या बदल्यात महिन्याला ३० तास वृद्धांचे चांगले शेजारी व्हायचे. सेवा करायची नाही, सोबत करायची.

आपल्याला वृद्धाश्रम उघडायला नको. वार आणि वेळ मात्र ठरलेली हवी, कारण वाट पाहण्यातही औषध असते. काम दोघांना आवडणारे हवे. मुलाला बळेच "आजोबांशी बोल" म्हणून बसवू नये, दोघेही अवघडतात. आणि आधी कान तपासून घ्यावेत. मुलांचे भरभर बोलणे ऐकू आले नाही, की वृद्ध माणूस नुसता हसून मान हलवतो आणि मैत्री तिथेच संपते.

मैत्रीने सगळेच भागते असे नाही. वर्ष उलटूनही दुःखाची धार तशीच असेल तर डॉक्टरांना भेटावे. २०२२ पासून अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत अशा लांबलेल्या शोकाची स्वतंत्र नोंद आहे. जेवणखाण सुटले किंवा जगण्यात अर्थ नाही अशी भाषा सुरू झाली, तर वर्षाची वाट पाहू नये.

मुलांच्या पालकांना एक विचारायचे असते: आजोबा गेले तर? तेव्हा "झोपले" किंवा "देशात परत गेले" असे सांगू नये. लहान मुले ते शब्दशः घेतात, मग झोपायला घाबरतात किंवा वाट पाहत बसतात. मरण पावले, असेच सांगावे आणि मुलाची इच्छा असेल तर त्याला अंत्यदर्शनालाही न्यावे.