बाह्य प्रेरणा आणि कंपन

२६ ऑक्टोबर २०१५ रोजी हिंदुकुश पर्वतात झालेला भूकंप दूरवरच्या चंदीगडलाही जाणवला. अशा दूरच्या धक्क्याने ठेंगण्या घरातील माणसास फारसे काही कळू नये आणि उंच इमारतीच्या वरच्या मजल्यावर मात्र दिवे झुलू लागावेत, असे पुष्कळदा घडते. जमीन एकच, मग हा भेद का?

स्प्रिंगला एक वजन टांगून तिचे वरचे टोक हातात धरावे. वजन खेचून सोडले, की ते ठरावीक काळात एक आंदोलन पुरे करते; हा त्याचा स्वाभाविक आवर्तकाल होय. आता हात खालीवर हालवावा. अगदी सावकाश हालविल्यास वजन हाताबरोबरच चालते. स्वाभाविक आंदोलनाच्या दुप्पट त्वरेने हालविल्यास ते उलट दिशेने, आणि हाताच्या केवळ एकतृतीयांश अंतर हालते. परंतु दोन्ही आवर्तकाल जुळले, तर आंदोलने वाढत जातात. यालाच अनुनाद म्हणतात. त्यास आवर घालते ते अवमंदन. ते क्रांतिक मूल्याच्या शेकडा ५ असेल, तर वाढ हाताच्या सुमारे दसपटीवर थांबते.

इमारतीचा आवर्तकाल ढोबळमानाने दर मजल्यास एकदशांश सेकंद धरतात. दूरच्या भूकंपाच्या शीघ्र लहरी वाटेतच विरतात. मंद लहरी तेवढ्या पोचतात, व त्यांचा मेळ उंच इमारतींशी बसतो.

ठेंगणे घर निर्धास्त, असे मात्र नव्हे. ४ एप्रिल १९०५ रोजी कांगडा येथे भूकंप जवळचा होता, लहरी शीघ्र होत्या. सुमारे २०,००० माणसे मेली, ती बहुतांशी दगडमातीच्या बुटक्या घरांखाली. अर्थात त्या घरांची बांधणीही दुबळीच होती.